म्हाताऱ्या मेंढ्यांसाठी घेतलेला टांगता काटा : अडीच वर्षं वापरून झाल्यावर

वस्तू आधी सांगते. दीडशे किलोपर्यंत तोलणारा, वर आणि खाली हूक असलेला, बॅटरीवर चालणारा टांगता इलेक्ट्रॉनिक काटा. पन्नास ग्रॅमच्या टप्प्यानं आकडा दाखवतो. तोल-माप खात्याच्या शिक्क्यासकट ५,२०० रुपयांना पडला. कॅनव्हासची झोळी मी वेगळी शिवून घेतली, तिचे ३५०. २०२२ च्या दिवाळीत सांगलीहून आणला आणि आज मे २०२५ मध्ये तो आमच्या गोठ्यापुढच्या तिवईला टांगलेला आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीपासून दहा-बारा किलोमीटरवर. माझे मालक कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात असतात. घरी मामंजी, सासूबाई, मी आणि दोन मुली. बत्तीस मेंढ्या, एक मेंढा आणि हंगामाप्रमाणं कोकरं. तीस मेंढ्या माडग्याळ जातीच्या, दोन फलटणच्या निंबकर संस्थेच्या नारी सुवर्णा जातीच्या. माडग्याळला कातरण्याजोगी लोकर नसते, त्यामुळं आमचा सगळा पैसा कोकरांतून, लेंडीखतातून आणि शेवटी म्हातारी झालेली मेंढी विकून येतो. हे शेवटचं उत्पन्न आमच्या घरात कुणी कधी मोजलंच नव्हतं.

आमच्या भागात बोलणं होतं ते मेंढ्याचं. पोपटासारखं वळलेलं नाक, लांब कान, उंच पाय. २०२० साली एका माडग्याळ मेंढ्याला ७० लाखांची मागणी आली आणि ती बातमी देशभर फिरली. आटपाडीच्या कार्तिकातल्या उत्तरेश्वराच्या यात्रेत आजही अशा मेंढ्यांभोवती माणसांचं रिंगण पडतं. त्यांच्या आया मात्र सहा-सहा वेतं काढून कुठल्या तरी शनिवारी टेम्पोत चढतात, आणि त्या किती किलोच्या होत्या हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मला हे सलायला लागलं ते २०२१ च्या आखाडात. दारात एक व्यापारी आला होता. पाच म्हाताऱ्या मेंढ्या विकायच्या होत्या. त्यानं एकेकीच्या कमरेवर पंजा दाबला, कणा चाचपला, जबडा उघडून बघितला आणि मामंजींच्या हातावर रुमाल टाकला. रुमालाखाली बोटं दाबली गेली, सोडली गेली, पुन्हा दाबली गेली. पाचींचे उक्ते, म्हणजे न तोलता सगळ्यांचे मिळून, २७,००० ठरले. "पंचवीस-पंचवीस किलोच्या हायत्या आबा. हाडं जास्त, मटण चिवट. मला काय राहनार ह्यात?" असं तो म्हणत होता. मी उंबऱ्यात चहाचे कप घेऊन उभी होते. त्या पाचांत काळमुखी होती. माझ्या धाकटीच्या बारशाच्या आठवड्यात जन्मलेली, म्हणून तिचं वय मला पक्कं ठाऊक, सात वर्षं. पंचवीस किलोचं तांदळाचं पोतं मी एकटी उचलते. काळमुखीला टेम्पोत चढवायला जाऊबाईंना हाक मारावी लागली होती. पण हातांना जे कळलं ते मामंजींना, नाहीतर त्या व्यापाऱ्याला, कसं पटवून देणार? त्या पाच नेमक्या किती किलोच्या होत्या हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षी मोबाइलवरून एक स्वस्तातला काटा मागवला, ११०० रुपयांचा. त्याबद्दल थोडक्यात. पहिला महिना बरा चालला. मग मी युरियाची सीलबंद गोणी टांगून बघितली. पूर्वी गोणी पन्नासची असायची, आता ४५ किलोची असते, वर गोणीचं थोडं वजन. काट्यानं सकाळी ४३ दाखवले आणि उन्हात तापल्यावर ४६. त्यावर शिक्काही नव्हता. ज्या काट्यावर आपण विकतो किंवा घेतो त्याला तोल-माप खात्याचा शिक्का लागतोच, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला तो दर वर्षी नव्यानं मारून घ्यावा लागतो. बिनशिक्क्याच्या आकड्यावर समोरचा "मान्य न्हाई" म्हणाला तर आपल्याला पुढं बोलायला जागा राहत नाही. असले काटे भंगारात जातात, तेव्हा पैसे साठवा आणि एकदाच नीट घ्या.

सांगलीच्या दुकानाचं नाव मी लिहीत नाही, कारण चांगलं आणि वाईट दोन्ही सांगायचं आहे. चांगलं असं, की दुकानदारानं पहिल्यांदा विचारलं, "ताई, तोलायचं काय आहे?" मी मेंढरं म्हटल्यावर त्यानं हातातला काटा परत ठेवला आणि दुसरा काढला. म्हणाला, जनावर हलतं, आकडा नाचत राहतो, तुम्हाला होल्डचं बटण हवं. हे बटण दाबलं की काटा काही सेकंदांतली सरासरी धरून एकच आकडा दाखवतो. त्यानं वीस-वीस किलोची प्रमाणित वजनं टांगून दाखवली, झोळीचं वजन आधी वजा कसं करायचं ते शिकवलं, आणि शिक्क्याचा कागद पिशवीत घालून दिला. वाईट असं, की दुसऱ्या वर्षी चार्जिंगची पिन ढिली झाली तेव्हा दुरुस्तीला बारा दिवस लागले. ते बारा दिवस आखाडातले होते. बदली काटा मागितला, मिळाला नाही. मेंढरं विकणाऱ्या माणसाला आखाडातले बारा दिवस म्हणजे काय, हे वजनकाट्याच्या दुकानदाराला कळायला हवं होतं. श्रावण लागला की गिऱ्हाईक पांगतं, आणि म्हाताऱ्या मेंढीचा भाव कोवळ्या मालाच्या आधी पडतो.

आता वापर. काट्यापेक्षा झोळीनं मला जास्त शिकवलं. सुरुवातीला गोणपाटाला दोरी बांधून मेंढी त्यात घालायचो. ती लाथा झाडायची, गोणपाट पोटाखाली गोळा व्हायचं आणि श्वास कोंडायचा. एकदा बाभळीच्या फांदीला टांगलं आणि दोरी सुटली. मेंढी हातभर उंचीवरून पडली. तिला काही झालं नाही, पण पुढं महिनाभर ती त्या बाभळीजवळ यायला तयार नव्हती. मग आटपाडीत ताडपत्री शिवणाऱ्याकडून जाड कॅनव्हासची झोळी करून घेतली. चार पायांना चार भोकं, छातीखाली रुंद पट्टा, कडेला दुहेरी शिलाई आणि वर चार लोखंडी कड्या. लोखंडी पाइपची तिवई गावातल्या वेल्डिंगवाल्यानं करून दिली, तिला कप्पी आहे. मेंढीचे पाय जमिनीपासून चार बोटं उचलले की पुरे. जास्त उचललं की ती घाबरते, आकडा नाचतो. तोंडावर माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला की शांत राहते. बटण दाबल्यावर काटा टीं करतो, त्या आवाजाला मेंढ्या दचकतात. त्यावर मी कापड गुंडाळलं आहे, तरी थोडा येतोच.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. मेंढी पाच महिने गाभण असते. साडेतीन महिने उलटून गेलेल्या मेंढीला मी झोळीत घालत नाही. पट्ट्याचा दाब पोटावर येतो. जमिनीवरचा चौकोनी काटा असेल तर तिला चालत वर नेता येतं, पण त्याची किंमत आमच्या काट्याच्या काही पट होती.

तोलायची वेळ ठरलेली हवी. आम्ही दर पंधरा दिवसांनी, पहाटे, चरायला सोडायच्या आणि पाणी पाजायच्या आधी तोलतो. संध्याकाळी चरून, पाणी पिऊन आलेली तीच मेंढी दोन-तीन किलोनं जास्त भरते. विकताना काही जण मुद्दाम मीठ चारून पाणी पाजतात. व्यापाऱ्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो सगळ्यांच्याच वजनातून पोटाची तूट म्हणून कापतो, खऱ्याच्याही आणि खोट्याच्याही. मी त्याला म्हणते, सकाळी सहाला ये, उपाशीपोटी तोल, आणि तूट कापू नकोस. आता दोघं जण तसे येतात.

काटा नसेल तर टेपनंही अंदाज काढता येतो. पुढच्या पायांमागं छातीचा घेर इंचात घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या पुठ्ठ्याच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं. उत्तर किलोत येतं. आमच्या एका मेंढीचा घेर ३०, लांबी २६, म्हणजे साधारण साडेपस्तीस किलो. काट्यावर ती ३३.८ भरली. तरण्या मेंढीला टेपचा अंदाज बरा बसतो. म्हातारीचं पोट सुटलेलं, कणा वर आलेला, त्यामुळं तिथं तो फसतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. गेल्या वर्षीच्या आखाडात चार म्हाताऱ्या काढल्या. व्यापारी आला, पंजा लावला, म्हणाला, "चारीचे उक्ते अठ्ठावीस हजार. वैनी, कशाला काटा काढताय, माझ्या डोळ्यात काटा हाय." मी म्हटलं, "तुमच्या डोळ्यातला तुमच्यापाशी राहू द्या, आमचा तिवईला हाय." मामंजी माझ्या मागं उभे होते, ते काही बोलले नाहीत. एकेक मेंढी तोलली. ३३.६, ३६.१, ३१.८ आणि ३४.९. चौघींचे १३६.४ किलो. भावावर बराच वेळ गेला. तो २२० वरून चढला, मी २७० वरून उतरले, २५० ला जमलं. ३४,१०० रुपये झाले. अठ्ठावीस हजारांपेक्षा ६,१०० जास्त, म्हणजे झोळीसकट काटा एका सकाळीत फिटला. पैसे मोजून घेतल्यावर मामंजींनी पहिल्यांदा काट्याला हात लावला. त्यांनी तो फडक्यानं पुसला आणि स्वतः नेऊन फडताळात ठेवला.

त्या दिवशी मी दोन अटी घातल्या होत्या. मेंढ्यांचे पाय बांधून त्यांना एकमेकींवर टाकायचं नाही, टेम्पोत भुसा पसरून उभ्या न्यायच्या. आणि ज्या मेंढीला जंताचं औषध दिलं आहे, ती, मटणासाठी थांबायचे म्हणून बाटलीवर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय मी देणार नाही. चारांतली एक त्यामुळं आठ दिवस उशिरा गेली, त्याच भावानं. सासूबाईंनी चौघींच्या कपाळाला बिरोबाच्या नावानं भंडारा लावला. आरेवाडीचा भंडारा आमच्या घरात डबीत असतो. हे त्या प्रत्येक वेळी करतात, आणि करून झाल्यावर आत निघून जातात, टेम्पो निघेपर्यंत बाहेर येत नाहीत.

काट्यानं मला विकायचं कधी हे शिकवलं, तसं ठेवायचं कुणाला हेही शिकवलं. आमच्याकडं बहुतेक मेंढ्या पहिल्या पावसाच्या आसपास लागतात, म्हणजे गाभण राहतात, आणि कार्तिक-मार्गशीर्षात वितात. म्हणजे म्हातारीला आणखी एक वेत द्यायचं की आखाडात काढायची, हे ठरवायची वेळ एकच येते. पूर्वी हे मामंजींच्या मनावर असायचं. ते माया करत, एक वर्ष आणखी ठेवत, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती मेंढी हाडांचा सापळा होऊन पडेल त्या भावात जाई, नाहीतर गोठ्यातच मरे.

मी हिशेब असा मांडते. म्हातारीला ठेवलं तर विण्याआधी सहा आठवडे आणि विल्यावर सहा आठवडे रोज पाव किलो मक्याचा भरडा लागतो. चौऱ्याऐंशी दिवसांचे एकवीस किलो. मला भरडा २६ रुपयांनी पडतो, म्हणजे ५४६ रुपये. चारा घरचा, कडवळ आणि मेथीघास, त्यावर बाभळीच्या शेंगा. वर्षभरात तिचं वजन पाच किलो उतरलं तर विकताना साडेबाराशे कमी येतात. म्हणजे खर्च आणि तूट मिळून अठराशे. कोकरू चार महिन्यांचं होऊन सात हजारांना गेलं तरी ठेवणं परवडतं, आणि म्हातारीचं कोकरू बहुधा चांगलंच होतं, कारण तिला पाजायचं कसं हे कळतं. पहिलटकरीण कोकराला लाथ मारते, म्हातारी मारत नाही. शिवाय कळपाला वाट दाखवणारी तीच असते. पण ती विण्याआधी बसली आणि उठली नाही, तर आठ हजारांची मेंढी आणि सात हजारांचं कोकरू दोन्ही जातात. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात पोटातलं पिल्लू सगळ्यात वेगानं वाढतं, आणि दात नसलेली, आधीच उतरलेली मेंढी त्याच वेळी कोसळते. पोटात दोन असली तर आणखी लवकर. नारी सुवर्णाबद्दल म्हणूनच मी जास्त जपते. बंगालच्या गारोळ मेंढीकडून आलेला जुळ्यांचा गुण त्यांच्यात आहे, तो आमच्या फायद्याचा आहे, पण वय झाल्यावर तोच त्यांना ओढतो.

म्हणून आमच्या घरातला नियम आता असा आहे. कोकरू दुधावरून तोडल्यापासून जी म्हातारी दोन-अडीच महिन्यांत दोन किलो तरी भरून येते, तिला आणखी एक वेत. जी भरडा खाऊनही भरत नाही, ती आखाडात जाते. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, हे मी बोरकीमुळं शिकले.

बोरकी २०२३ च्या उन्हाळ्यात सलग चार वेळा तोलली तेव्हा ३५ च्या आसपास स्थिर होती. वहीत मी तिच्यापुढं 'चांगली' असं लिहिलं. मेंढा आमच्याकडं बारा महिने कळपातच असतो, आणि ती माघातच लागलेली होती. पोटातलं पिल्लू वाढत होतं आणि आई झडत होती, दोन्ही मिळून बेरीज तेवढीच राहत होती. आखाडाच्या तोंडावर ती विली. दोन दिवसांनी तोलली तर २८.४. कण्यावरून हात फिरवला तर मणका न मणका मोजता येत होता. हा हात मी चार महिने आधी फिरवायला हवा होता. कोकरू वाचलं, बोरकीला मी दीड महिना हातानं चारलं, पण भाद्रपदातल्या ओल्यात ती गेली. काट्यात दोष नव्हता, पहिला हात कण्यावर आणि कासेवर ठेवायचा असतो, तो मी ठेवला नाही. विकायच्या मेंढीचंही तसंच. ती गाभण आहे का हे काटा सांगत नाही, आणि पोटात पिल्लू असलेली मेंढी खाटकाकडं जावी असं आपल्यापैकी कुणालाच वाटत नसणार. तेव्हापासून विकण्याआधी मी डॉक्टरांकडून तपासून घेते.

आता तोलायला काढली की मी चार गोष्टी त्याच वेळी बघते. दात आधी. मेंढीला वरचे पुढचे दात नसतातच, खालचे आठ असतात. दोनदाती, चारदाती, सहादाती होत चार वर्षांच्या आतबाहेर ती जुळते, म्हणजे आठही दात पक्के होतात. त्यानंतर दात लांबतात, फाकतात, हलतात, मग पडतात. दोन पडले तरी उंच चाऱ्यावर मेंढी जगते, पण माळावरचं बारीक गवत तिच्या तोंडात येत नाही. कळपाबरोबर दिवसभर चरून आली तरी ती उपाशीच असते, आणि आपल्याला वाटतं की भरपूर चरली. दुसरं, कास. गाठी आल्या असतील, एक सड बंद असेल तर आणखी वेत नको. तिसरं, खूर. चौथं, डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग. लाल असेल तर ठीक, पांढुरका असेल तर जंत रक्त पितायत, मग वजन का उतरतंय याचं उत्तर तिथंच मिळतं, आणि अशी मेंढी विकण्याआधी औषध देऊन महिनाभर थांबलं तर ती पुष्कळदा भरून येते. २०२२ आधी आम्ही अशा कितीतरी मेंढ्या 'वय झालं' म्हणून काढल्या असतील.

हे सगळं वहीत लिहायचं तर मेंढीची ओळख पक्की हवी. कानातला बारा आकडी बिल्ला आता लागतोच. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. मी वहीत शेवटचे चार आकडे लिहिते आणि पुढं आमचं नाव, ठिपकी, बांडी, चंद्री. धाकटी ते मोबाइलवरही भरते, पण मला वही बरी वाटते. व्यापाऱ्यासमोर उघडून ठेवली की तो वाचतो, आणि अडीच वर्षांचे आकडे एका हातात लिहिलेले दिसले की पुढचं बोलणं कमी होतं.

काट्याच्या तक्रारी आणखी दोन. आकडे लाल दिव्यांचे आहेत, ते दुपारच्या उन्हात अजिबात दिसत नाहीत. पहाटे तोलणाऱ्याला अडचण नाही, पण आटपाडीच्या शनिवारच्या बाजारात नेला तर छत्री धरावी लागते. दुसरं, खालच्या हुकाची कडी पातळ पत्र्याची आहे. दीड वर्षात ती वाकली. मी ती बदलून जाड घेतली, सत्तर रुपयांत. जिवंत जनावर ज्यावर लोंबकळतं त्या कडीत कंपनीनं कंजुषी करायला नको होती. बॅटरीबद्दल तक्रार नाही, एकदा भरली की बत्तीस मेंढ्यांच्या दोन फेऱ्या सहज होतात. वजनाचा आकडाही आजपर्यंत पक्का आहे. दर महिन्याला युरियाची गोणी टांगते, फरक शंभर ग्रॅमच्या वर गेलेला नाही. कोकरांसाठी मात्र हा काटा मोठा पडतो. तीन किलोचं जन्मलेलं कोकरू तोलायला वीस किलोचा छोटा स्प्रिंगकाटा पुरतो.

घ्यावा का, असं मला गावातल्या पाच-सहा बायकांनी विचारलं. पंधराच्या वर मेंढ्या असतील तर नक्की घ्या, आणि शिक्क्याचाच घ्या. चार-पाच मेंढ्या असतील तर तीन-चार घरांनी मिळून घ्या. आमच्या वस्तीवरच्या चार घरांच्या मेंढ्या आता आमच्याच तिवईवर तोलल्या जातात. मी पैसे घेत नाही, वर्षाच्या शिक्क्याचा खर्च तेवढा सगळ्यांत वाटून घेतो. याचा एक फायदा मला आधी सुचला नव्हता. चार घरांच्या मेंढ्यांची वजनं एका वहीत आल्यावर व्यापाऱ्याला एका वस्तीत चार भाव करता येत नाहीत. गेल्या आखाडात आमच्या शेजारणीची मेंढी आमच्यापेक्षा तीस रुपये कमी भावानं मागितली, तिनं वही मागून नेली आणि त्याच्यापुढं धरली.

शिक्का पुन्हा ऑक्टोबरमध्ये करायचा आहे. त्याच दुकानात नेणार, पण आखाड उलटल्यावर.

आज पहाटेची फेरी झाली. ठिपकी ३५.७, पंधरा दिवसांपूर्वी ३५.१ होती. आठ वर्षांची आहे, सहा वेतं झालीत. पापणी लाल, कास मऊ, पोट तपासलं, गाभण नाही. खालचे मधले दोन दात हलतायत. आखाडाला सात आठवडे आहेत. मामंजी म्हणतात, ठेव. मी तिला कळपातून काढून बाजूला बांधलंय, भरडा भिजवून घालतेय, आणि दात पडले तर काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.